डेनिसोव्हन फक्त सायबेरियातले नव्हेत

कुणीतरी लिहिलंय की डेनिसोव्हन मानव (आता नामशेष झालेली एक प्राचीन मानवजात) सायबेरियातच राहत असणार, कारण हाडं तिथल्याच गुहेत मिळाली. हे पटत नाही. २०१० साली तिथल्या डेनिसोवा गुहेतल्या बोटाच्या हाडातून डीएनए निघाला, कारण तिथली थंडी. आमच्या सोलापूरसारख्या चाळीसच्या वर जाणाऱ्या उन्हात तो टिकणं फार कठीण. म्हणजे इतरत्र डीएनए मिळाला नाही म्हणून ते तिथे नव्हतेच, असं होत नाही.

पुढचे पुरावे लांबलांबचे आहेत. तिबेटच्या पठारावरच्या गुहेत १९८० मध्ये एका बौद्ध भिक्खूला अर्धा जबडा सापडला. त्यात डीएनए उरला नव्हता, दातातल्या प्रथिनांवरून २०१९ मध्ये ओळख पटली. तैवानजवळचा जबडा तर समुद्रतळावरून कोळ्यांच्या जाळ्यात वर आला! २०२५ मध्ये तोही डेनिसोव्हन ठरला, तोही प्रथिनांमुळेच. म्हणजे उष्ण भागातही ते होते.

आपल्याकडे काही नाही, असंही म्हणू नका. १९८२ मध्ये मध्य प्रदेशात नर्मदाकाठी हथनोऱ्याला भूवैज्ञानिक अरुण सोनकियांना प्राचीन मानवी कवटीचा भाग मिळाला. ती नेमकी कोणत्या मानवजातीची, यावर अजून वाद आहे. सोलापुरात विहीर खणली की मुरूम नि काळा पाषाण लागतो, लाव्हाच्या त्या खडकात मानवी हाडं मिळणार नाहीत. पण भीमा-सीनेच्या काठचे जुने गाळाचे थर कुणीतरी नीट तपासायलाच हवेत.