चाकणमध्ये नोकऱ्या ठेकेदाराकडे, गिऱ्हाईक मोबाइलवर : जाब कोणाला विचारायचा?

खेड तालुका
आमच्या भागातील जमिनी औद्योगिक वसाहतीसाठी गेल्या, पण आयटीआय झालेली मुले आजही ठेकेदाराकडे सहा-सात महिने काम करतात आणि ब्रेक मिळाला, म्हणजे ठेकेदाराने काम थांबवले, की घरी बसतात. सरकारी भरतीची वाट धरावी, तर २०२३ मध्ये तलाठ्यांच्या ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले होते. गावातील राग परप्रांतीय कामगारांवर निघतो, आणि गिऱ्हाईक मोबाइल ॲपकडे वळल्याने किराणा दुकानदारही हवालदिल झाले आहेत. ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना, असे प्रत्येक सरकार सांगत आले आहे. हा नियम नेमका काय आहे आणि तो पाळला जात नसेल तर दाद कोठे मागायची?

वकिली करणारा
नोव्हेंबर २००८ च्या शासन निर्णयानुसार पर्यवेक्षक श्रेणीत किमान ५० टक्के आणि इतर श्रेणींत किमान ८० टक्के स्थानिक असावेत, अशी अपेक्षा आहे. यात स्थानिक म्हणजे राज्यात किमान १५ वर्षे राहिलेली व्यक्ती. त्यामुळे बीड-लातूरहून आलेला मुलगाही स्थानिकच ठरतो, तालुक्यापुरते आरक्षण यात नाही. शिवाय हा शासन निर्णय आहे, विधिमंडळाने केलेला कायदा नव्हे. हरियाणाने ७५ टक्क्यांचा कायदाच केला होता, पण तेथील उच्च न्यायालयाने तो नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द केला. म्हणून सक्तीच्या घोषणेपेक्षा, सरकारी सवलती घेणाऱ्या कंपन्यांकडून ही अट पाळून घेतली जाते का, हा प्रश्न अधिक नेमका आहे.

पूर्वी ठेकेदाराकडे पर्यवेक्षक
मी माणसे कामावर घेत होतो, म्हणून आतली गोष्ट सांगतो. बिहार किंवा ओडिशाहून आलेला मुलगा एका खोलीत पाच जणांसोबत राहतो, बारा तासांची पाळी करतो आणि ओव्हरटाइम बुडाला तरी गप्प बसतो, कारण त्याच्या मागे कोणी नसते. गावातल्या मुलाचा पगार थकला तर दुसऱ्या दिवशी सरपंच गेटवर उभा राहतो, म्हणून ठेकेदार त्याला टाळतो. कामगार खात्याने हजेरीपट, पगारपत्रक आणि भविष्यनिर्वाह निधीचा भरणा खरोखर तपासला, तर बाहेरच्याला राबवून घेण्यातला फायदाच संपेल आणि दोघांनाही सारखा दर द्यावा लागेल. तपासणी होत नाही, हा सरकारचा दोष आहे, त्या मुलाचा नव्हे.

वाणसामानाचे दुकान
हे मला पटते, कारण माझी निम्मी गिऱ्हाइके हेच कामगार आहेत. पाच किलो तांदूळ, मोहरीचे तेल आणि सत्तू ते माझ्याकडूनच नेतात, पगार झाला की उधारीच्या वहीतला हिशेब चुकता करतात, आणि गावातील अनेकांचे घर त्यांच्या खोलीभाड्यावर चालते. माझे गिऱ्हाईक तुटले ते सोसायट्यांमधले. तेथे दहा मिनिटांत सामान पोहोचते आणि पाकिटबंद माल मला वितरकाकडून ज्या भावाने मिळतो, त्याहून कमी भावाने ॲपवर विकला जातो. परदेशी गुंतवणूक असलेल्या ई-कॉमर्स कंपनीने केवळ बाजारपेठ पुरवावी, स्वतःचा साठा करून विकू नये, असे केंद्राचे धोरण आहे. मग या ॲपवाल्यांची गोदामे नेमकी कोणाच्या मालाने भरलेली असतात, याची कसून चौकशी का होत नाही? दुकान परवाना, अन्न परवाना आणि वजनकाट्याची पडताळणी यांसाठी मात्र माझ्याकडे माणूस वेळेवर येतो.

वकिली करणारा
मूळ प्रश्नकर्त्यासाठी : जिल्हा उद्योग केंद्राकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करा आणि सवलती घेणाऱ्या कंपन्यांनी स्थानिकांच्या टक्केवारीबद्दल दिलेली विवरणपत्रे मागा. ठेकेदारांच्या तपासणीचे अहवाल मात्र कामगार आयुक्तालयाकडे स्वतंत्र अर्जाने मागावेत. ग्रामसभेचा ठराव सोबत जोडलात तर अर्जामागे गाव उभे आहे हे दिसेल, आणि तीस दिवसांत उत्तर न आल्यास प्रथम अपील करता येईल.