लांबच्या प्रशिक्षकाकडे जाताना
कराटे शिकायला दर आठवड्याला चार तास प्रवास करण्यापेक्षा जवळचाच वर्ग बरा, हे मत मला अर्धेच पटते. आजच्या जपानमधील ओकिनावा बेटाचे कराटेगुरू हिगाओन्ना कानर्यो 19व्या शतकात समुद्र ओलांडून चीनमधील फूझौला शिकायला गेले खरे, पण ते तिथे काही वर्षे राहिले. आपण मात्र संध्याकाळी परततो. जाणत्या प्रशिक्षकाने मागच्या पायाची टाच दोन बोटे सरकवून दिली की ठोशात कमरेचे बळ कसे उतरते ते तिथल्या तिथे कळते, परंतु घरी रोज सराव झाला नाही, तर पुढच्या खेपेचा वर्ग तीच टाच दुरुस्त करण्यात संपतो (आणि तिकिटाचे पैसेही). सरावाला जवळपास जोडीदार मिळत असेल, तर महिन्यातून एकदाच जावे, पण पूर्ण दिवस राहावे.