दोन एसएसडी मिळून एकच सी ड्राइव्ह करावा का?

जनकगंजकर (ग्वाल्हेर): लॅपटॉपमध्ये 512 जीबीचा एनव्हीएमई एसएसडी (फाइल्स साठवायचा वेगवान ड्राइव्ह) आहे. विंडोज 476 दाखवतं, त्यातले 9 उरलेत. बाबा घरी गाणं शिकवतात, ते मी 24 बिट, 96 किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करते. तासाला साधारण 2 जीबी जातात. बाबांना 78 वं लागलंय. मध्येच थांबून 'हा निषाद पुन्हा लाव' म्हणतात, तेसुद्धा पुसायला हात धजत नाही. झाकण उघडलं तर एसएसडी बसवायचा दुसरा एम.2 स्लॉट रिकामा आहे. बाजारात एकजण म्हणाले, 'रेड ज़ीरो कर दो, स्पीड भी बढ़ेगी।' करू का?

राजवाडा_इंदूर: ताई, रेड झीरो अजिबात नको. त्यात एकेका फाइलचे तुकडे दोन्ही ड्राइव्हवर वाटले जातात. एक बंद पडला की दुसऱ्यावरचे तुकडेही कामातून गेले. स्टोरेज स्पेसेसमध्ये (ड्राइव्ह एकत्र करायची विंडोजची सोय) तर ज्यावर विंडोज आहे तो ड्राइव्ह घेताच येत नाही.

नवा ड्राइव्ह एनटीएफएसमध्ये (विंडोजची फाइल्स मांडायची पद्धत) फॉरमॅट करा. रेकॉर्डिंगच्या फोल्डरचं नाव बदला, जुन्या नावाचा नवा रिकामा फोल्डर करा आणि डिस्क मॅनेजमेंटमधून ड्राइव्ह त्या फोल्डरलाच जोडा. मग फाइल्स त्यात कॉपी करा. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला पत्ता तोच दिसतो. फक्त सी समोरचा एकूण जागेचा आकडा वाढणार नाही.

बडोद्याचा_मन्या: घ्यायच्या आधी मॅन्युअलमध्ये मॉडेल बघा. एम.2 ड्राइव्ह दोन जातींचे असतात: काही स्लॉट फक्त साटा घेतात, काही फक्त एनव्हीएमई. मी न बघता साटाचा आणला. बसला अगदी नीट, पण दिसेचना. लांबीही बघा, 2280 (80 मिमी) की 2242 (42 मिमी). बिटलॉकर (ड्राइव्हला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ते उघडायची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेवा.

जनकगंजकर: झालं! 1 टीबीचा घेतला, 931 दिसतो. रिकाम्या स्लॉटला स्क्रूच नव्हता आणि पट्टी तिरकी वर उचललेली राहत होती. घड्याळवाल्या काकांनी बारीक स्क्रू शोधून दिला. 212 फाइल्स होत्या, 212 पोचल्या. पहिली लावली तर बाबा आतून म्हणाले, 'तानपुरा उतरलाय त्यात.' जुन्या फाइल्स आता काढू?

राजवाडा_इंदूर: बाहेरच्या हार्ड डिस्कवर दुसरी प्रत झाल्याशिवाय एकही नाही. आणि ती डिस्क लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नका, बाबांच्या कपाटात ठेवा.