मदत हवी आहे: मिडसमरच्या आठवड्यात स्टॉकहोम, सोबत सासूबाई

नमस्कार मंडळी,

नवऱ्याचं जूनच्या शेवटच्या आठवड्यात स्टॉकहोमला ऑफिसचं काम आहे. बुधवारी ते संपतं, म्हणून गुरुवार ते रविवार तिथेच राहून शहर बघायचं ठरवलं. सोबत मी, बारावी झालेली मुलगी आणि सासूबाई. वय बहात्तर, तब्येत ठणठणीत, पण गुडघे मधूनमधून बोलतात. व्हिसा, विमा, तिकिटं सगळं झालंय, त्यामुळे तारखा हलणार नाहीत.

आता त्याच्या तिथल्या सहकाऱ्याने सांगितलं की तो शुक्रवार म्हणजे मिडसमरची पूर्वसंध्या. स्वीडनमध्ये ख्रिसमसच्या तोडीचा सण, पण शहरात चिटपाखरू नसतं, सगळे गावाकडच्या घरांत नाहीतर बेटांवर पळतात. आपल्याकडे गणपतीत मुंबईतले कोकणी चाकरमानी जातात तसंच, असं मी मनाशी समजून घेतलं. पण मग आम्ही चार टाळकी बंद दुकानांच्या काचा बघत फिरणार का?

तेव्हा मुद्द्याचं. शुक्रवार-शनिवार नक्की काय उघडं असतं? सणाचा खांब उभारतात, त्याभोवती नाचतात, ते परक्या माणसाला बघता येतं की घरगुतीच असतं? मुलगी म्हणते बोटीने एखाद्या बेटावर जाऊ, नवरा म्हणतो शहर सोडायचं नाही.

सासूबाई अंडंही खात नाहीत. हॉटेलच्या खोलीत केटल आहे, शेगडी नाही. थेपले, मेतकूट, भाजलेले पोहे नेतेच आहे, पण चार दिवस त्यावर काढायला लावणं बरं दिसत नाही.

आणि शेवटचं, हसू नका. त्याच आठवड्यात संकष्टी येते. सूर्यच रात्री दहाला मावळतो म्हणे. मग चंद्रोदय कधी, आणि आईंनी उपास सोडायचा कधी?

सोलनाकर:
तारखा उत्तम आहेत, काळजी सोडा. मिडसमरची पूर्वसंध्या 1953 पासून नेहमी शुक्रवारीच असते, 19 ते 25 जूनच्या दरम्यान जो येईल तो. शनिवारी सार्वजनिक सुट्टी. खरेदी गुरुवारी संध्याकाळपर्यंत उरका. शुक्रवारी मोठी सुपरमार्केटं उघडी असली तरी लवकर मिटतात, आणि छोट्या उपाहारगृहांचा भरवसा धरू नका. घरात वाइन न्यायची असेल तर तीही आधीच घ्या. सरकारी दारू दुकानं शुक्रवार ते रविवार बंद.

सणासाठी थेट स्कान्सेनला जा. शहरातल्याच यूरगोर्डन बेटावरचं खुलं संग्रहालय, 1891 पासूनचं, देशभरातली जुनी घरं उचलून आणून मांडलेली. पानाफुलांनी मढवलेला खांब तिथे सगळ्यांसमोर उभारतात आणि लोक त्याभोवती बेडकासारख्या उड्या मारत नाचतात. मुलीला आधी लाज वाटेल, पाच मिनिटांनी तीही उड्या मारेल. जागा चढ-उताराची आहे, आजींना सकाळी न्या आणि मधूनमधून बाकावर बसवा. शहराबाहेरच्या बेटावर जायचा हट्ट त्या दिवशी नको. बोटी खच्चून भरतात, आणि बेटावर ओळखीचं घर नसेल तर तिथे करायला फार काही नसतं. रविवारी वॅक्सहोमला, म्हणजे बेटावरच्या एका छोट्या गावाला, जाऊन या.

शनिवार पाण्याकाठच्या सिटी हॉलला द्या. त्याचं उद्घाटनही 1923 च्या मिडसमरलाच झालं, कारण बरोबर चारशे वर्षांपूर्वी याच सणाला राजा गुस्ताव वासा स्टॉकहोममध्ये शिरला होता. आत जायला मिळालं नाही तरी अंगणातून मेलारेन सरोवर बघत बसा. वासा जहाजाचं संग्रहालय चुकवू नका. ते जहाज 1628 मध्ये पहिल्याच फेरीत बुडालं आणि 1961 मध्ये वर काढलं. सणाच्या दिवसांच्या वेळा मात्र संकेतस्थळावर तपासूनच निघा. पाऊस आला तर (येतोच, इथल्या लोकांना मिडसमरचा पाऊस पाठ आहे) मेट्रोची स्टेशनं बघा. टी-सेंट्रालेनच्या गुहेवर निळ्या वेली, स्टेडियनला इंद्रधनुष्य. तिकीट एकच. जाड स्वेटर हवाच.

तिकीट काढताना एक बघा. फाटकावर बँकेचं कार्ड टेकवलं की पूर्ण भाडं कापलं जातं. वीसच्या आतल्यांना आणि ज्येष्ठांना सवलत आहे, म्हणून दोघींचं 72 तासांचं तिकीट SL (शहराची मेट्रो-बस सेवा) च्या अ‍ॅपमधून घ्या. यूरगोर्डनची फेरीबोटही त्यातच येते. रोख पैसे फारसे लागत नाहीत, बसमध्ये तर घेतच नाहीत.

पोळीभाजी:
खाण्याचं मी सांगते. मिडसमरच्या ताटात मुरवलेला हेरिंग मासा असतो, पण सोबत शेपू घातलेले नवे बटाटे, साय-मलईसारखं आंबट क्रीम आणि स्ट्रॉबेरी असतात. मासा वगळून मागा. सुपरमार्केटात फिलम्योल्क नावाचं आंबवलेलं दूध मिळतं, ते आपल्या दाट ताकाच्या जवळचं. पोहे त्यात भिजवा, मेतकूट घाला, आजी खूश. पाकिटावर ägg (अंडं) किंवा gelatin (जिलेटिन, प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासूनचं) लिहिलेलं असेल तर परत ठेवा. कडक राईचे पाव सहसा चालतात, तरी लेबल वाचाच. चीजमध्ये रेनेट (वासराच्या पोटातून काढलेलं विरजण) असू शकतं, तेही विचारा.

सोलनाकर:
संकष्टीचं राहिलं. जूनच्या वद्य चतुर्थीला इथे चंद्र साधारण मध्यरात्रीच्या आसपास उगवतो, आणि तोही क्षितिजाला चिकटून, इमारतींआड. आमची आई आली होती तेव्हा पुण्याची वेळ धरली. उन्हाळ्यात आपण भारतापेक्षा साडेतीन तास मागे, म्हणजे तिकडे रात्री दहाला चंद्रोदय असेल तर इकडे साडेसहाला जेवण. स्थानिक वेळ पाळायची का, ते आजींनाच विचारा, पण आधी खोलीला जाड पडदे आहेत ना याची हॉटेलकडून खात्री करा. सूर्य पहाटे साडेतीनलाच उगवतो, आणि मध्ये पूर्ण काळोख असा होतच नाही.

धागाकर्ती:
आईंना विचारलं. म्हणाल्या, "पुण्याचीच वेळ धर, साडेसहाला जेवू आणि मग फिरायला जाऊ, उजेड असतोच ना." वॅक्सहोमच्या बोटीची तिकिटं आधी काढावी लागतात का?