टीसीएल टाकूनही शेवटच्या नळाला क्लोरीन का मिळत नाही?

गावटाकी: 50,000 लिटरची उंच टाकी आहे. रोज 250 ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पडते. टाकीखालच्या नळाला ओटी टेस्ट (ऑर्थोटॉलिडीनची, क्लोरीन असला की पाणी पिवळं होतं) पिवळी येते, शेवटच्या गल्लीत रंगच नाही. पावसाळा लागल्यापासून हे चाललंय. पावडर दुप्पट करावी का?

रसायनवाला: आधी पावडर तपासून घ्या. ताज्या टीसीएलमध्ये साधारण 33 टक्के उपलब्ध क्लोरीन असतो, म्हणजे तुमच्या मापाने लिटरला 1.65 मिलिग्रॅम. गोणी उघडी राहिली की ओल आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड हायपोक्लोराइट फोडतात. अंश 15 टक्क्यांवर आला तर तेवढ्याच पावडरीतून 0.75 मिलिग्रॅम मिळतो. उग्र वासावर जाऊ नका, तो निसटणाऱ्या क्लोरीनचाच वास. घट्ट झाकणाचं प्लॅस्टिकचं पिंप वापरा, लोखंडी डबा गंजतो.

निवळी: पावडर चांगली निघाली, तर पाणीच क्लोरीन खातंय. गाळ, कुजलेला पाला, लोह, अमोनिया, सगळे आपापला वाटा घेतात. किती, ते हॉरॉक्स पेटी सांगते: तिच्यातल्या कपांत तुमचं पाणी भरा आणि टीसीएलच्या द्रावणाचा पहिल्यात एक थेंब, दुसऱ्यात दोन, असे वाढवत टाका. अर्ध्या तासाने स्टार्च-आयोडाइडचे थेंब टाका. निळा झालेल्या पहिल्या कपाचा क्रमांक गुणिले 2, तेवढे ग्रॅम दर 455 लिटरला. पहिलाच कप निळा झाला तर तुमच्या टाकीला 220 ग्रॅम पुरे, तिसरा झाला तर 660. म्हणून अंदाजाने दुप्पट करू नका. गढूळ पाणी टाकीत चढवण्याआधीच तुरटीने निवळायला हवं, गाळात दडलेल्या जंतूंपर्यंत क्लोरीन नीट पोचत नाही.

आणि पावडर कोरडी फेकू नका. बादलीत लगदा करून पाणी घाला, ढवळा, 10 मिनिटं ठेवा. टाकी भरत असताना वरची निवळी ओता म्हणजे ती नीट मिसळते. खालचा साका चुन्याचा, तो टाकीत नको. अर्धा तास थांबून मगच चावी सोडा.

गावटाकी: शेवटच्या नळाला दहा मिनिटांनी फिकट पिवळं दिसतं. ते धरायचं का?

रसायनवाला: नाही. पहिल्या 10 सेकंदांतला रंग मुक्त क्लोरीनचा. उशिरा येणारा क्लोरामाइनचा, म्हणजे अमोनियाशी बांधलेल्या क्लोरीनचा, आणि त्याची जंतू मारण्याची ताकद फार कमी. शेवटच्या नळाला मुक्त क्लोरीन किमान 0.2 मिलिग्रॅम हवा. पाण्याचा पीएचही बघा: 7.5 ला निम्मा क्लोरीन जोरकस हायपोक्लोरस आम्लाच्या रूपात असतो, 8.5 ला जेमतेम दहावा हिस्सा.

निवळी: टाकीखाली 1 मिलिग्रॅम आणि टोकाला शून्य असेल, तर दोष बहुधा पाइपातला. टोकाचा वॉशआऊट व्हॉल्व्ह (गाळ बाहेर सोडायची चावी) उघडून पाणी स्वच्छ येईपर्यंत लाइन धुवा, मग परत ओटी घ्या. तरीही शून्यच आला तर गटाराजवळची गळती शोधा.