मदत हवी आहे: एकाच छत्रीवर दुसरा सेट-टॉप बॉक्स

डीडी फ्री डिशची ६० सेंमीची छत्री गच्चीवर आहे, एलएनबी (छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा भाग) एका आउटपुटचा. हॉलमधला बॉक्स उत्तम चालतो. आता आतल्या खोलीत दुसरा बॉक्स हवा आहे आणि दोन्हीकडे वेगवेगळे चॅनल दिसायला हवेत.

सध्या ५–२४०० मेगाहर्ट्झचा दोन फाट्यांचा स्प्लिटर लावलाय. एलएनबीला वीज बॉक्सकडूनच केबलमधून मिळते, आणि या स्प्लिटरचा एकच फाटा (हॉलकडचा) ती पुढे सोडतो, त्यामुळे हॉलमधला बॉक्स मेन स्विचवरून बंद केला की एलएनबीची वीज जाते आणि आत 'नो सिग्नल' येतं. (केबल टीव्हीचा १००० मेगाहर्ट्झवाला स्प्लिटर इथे उपयोगाचा नाही, एलएनबीचा सिग्नल ९५० ते २१५० मध्ये असतो.)

दोन्ही फाट्यांना डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असलेला, म्हणजे दोन्हीकडून वीज घेणारा स्प्लिटर मिळतो. पण बॉक्स चॅनलप्रमाणे एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट देतो; एक बॉक्स १३ व्होल्ट आणि दुसरा १८ व्होल्ट मागू लागला तर १८ चंच चालतं आणि १३ वाल्याचे चॅनल जातात. शिवाय सिग्नल साधारण ४ डीबीने घटतो, पावसाळ्यात तो फरक लगेच जाणवेल. म्हणून माझा कल ट्विन एलएनबीकडे (दोन स्वतंत्र आउटपुटचा, प्रत्येक बॉक्सला वेगळी केबल) आहे.

अडचण दोन ठिकाणी आहे. छत्रीचा क्लॅम्प (एलएनबी धरणारी पकड) ट्विन एलएनबीला लागतो तसा ४० मिमीचा नाही, त्याहून अरुंद आहे. अडॅप्टर लावल्यावर फोकस सरकतो का? आणि भिंतीतल्या २० मिमी पाइपात एक आरजी-६ (छत्रीची केबल) आधीच आहे, वाटेत दोन बेंड. जुन्या केबलला बांधून दोन नव्या एकदम ओढता येतील का? हे काम केलेल्यांनी नक्की सांगा, पाऊस सुरू व्हायच्या आत करायचंय.