लाल खारीचं कोठार आणि पिल्लांचं नशीब
'खारी पुरलेलं निम्मं विसरतात, त्यामुळे साठ्याचा फायदा त्यांच्यापेक्षा झाडांनाच' हे काहींचं मत एकेक दाणा वेगवेगळ्या जागी पुरणाऱ्या खारींबद्दल थोडंफार खरं असेल, पण सगळ्या खारींना ते लागू होत नाही. कॅनडाच्या युकॉनमधल्या क्लुआनी भागात उत्तर अमेरिकी लाल खारींचा १९८७ पासून सलग अभ्यास चालू आहे. ही खार स्प्रूस या सूचिपर्णी झाडाचे बिया असलेले हिरवे, मिटलेले शंकू तोडून एकाच ढिगात साठवते. शंकू सोलताना पडणाऱ्या खवल्यांचाच तो ढीग, पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेलेला. आत गारवा आणि ओल असल्याने शंकू उमलत नाहीत, बिया वर्षानुवर्षं टिकतात. ही खार शीतनिद्रा घेत नाही, म्हणजे उणे तीस-चाळीसचा हिवाळा याच बेगमीवर काढायचा. ज्या पिल्लाला थंडीआधी स्वतःचं कोठार मिळत नाही, ते क्वचितच वाचतं.

विणीचं म्हणाल तर मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट ही की काही माद्या आपलं भरलेलं कोठार, अख्खं किंवा अर्धं, पिल्लाला सोडून देतात आणि स्वतः दुसरी जागा शोधतात. शिवाय ज्या वर्षी शंकूंचं अमाप पीक येणार असतं, त्या वर्षी ते पिकण्याआधीच माद्या जास्त पिल्लं घालतात, कित्येकदा दुसरी वीणही. पुढचं पीक त्यांना आधी कसं कळतं? बहुधा कळ्यांवरून, असा संशोधकांचा अंदाज आहे.